अंतऱ्याची दुसरी ओळ

बाबा,

तुमच्या त्या विठ्ठलाच्या गजराच्या अंतऱ्याची दुसरी ओळ मला हवी आहे. बाकी काही नको. मुखडा झोपेतसुद्धा म्हणेन, अंतऱ्याची पहिली ओळ आहे, तिसरी आहे, मधलीच गेली. गेल्या महिन्यात तुमचे पखवाजी वारले. फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी काय आलं ते सांगायची लाज वाटते. माणूस गेला हे नंतर आलं, आधी आलं की आता विचारायला कोणी उरलं नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोत तुम्ही माझ्यापेक्षा लहान दिसता. पण दुसऱ्या कोणाला विचारू, तुम्हीच सांगा.

शोधली नाही असं समजू नका. भांडुपला गेलो, घाटकोपरला गेलो, जिथे जिथे तुमची ती भजनाची बारी कोणी टेप केली असेल असं वाटलं तिथे जाऊन बेल वाजवली. लोक चहा पाजतात, माळ्यावरून खोकी काढून देतात, आणि बुवांचा मुलगा म्हणून पायाही पडतात, ते तर फारच अवघड होतं. एकाच्या कॅसेटवर नंतर त्याच्या मुलीचं लग्न भरलं होतं, मंगलाष्टकांच्या खालून झांजा तेवढ्या ऐकू येतात. एकीला बुरशी लागून पट्टी चिकटली होती. आणि एका घरी, बाबा, खरोखर सापडली. तुमचा आवाज, पखवाज, लोकांचा गलका, सगळं स्वच्छ. मुखडा झाला, अंतऱ्याची पहिली ओळ वर गेली, आणि खट्. बाजू संपली. मी कॅसेट उलटून लावली तर तुम्ही पुढच्या अभंगात होता. त्या घरातल्या बाईंना वाटलं मला भरून आलंय. मला राग आला होता.

आता त्या ओळीचं एवढं काय, असं कोणी विचारलं तर मला पार मागे, संपापर्यंत जावं लागतं.

गिरणी बंद पडली, लालबागची खोली गेली आणि आपण जोगेश्वरीला आलो. नव्या खोलीत तुम्ही आधी पेटीची जागा पाहिलीत, कपाटाच्या वर, आणि एकदा ती तिथे ठेवल्यावर पुन्हा हात लावला नाहीत. भजनी मंडळ गिरणीतल्या लोकांचं होतं. कोरसातले दोघे गावी गेले, एकजण कुर्ल्याला भाजी विकायला बसला, पखवाजी साकीनाक्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायला लागलात. सकाळी उठून आंघोळ करायचात, गळ्यातली तुळशीची माळ डोळ्यांना लावायचात, चहा प्यायचात, आणि पुन्हा भिंत. आई तुमच्याशी बोलायची ती तुमच्या पाठीशी बोलायची. मीही. तुमच्या बनियनला मानेशी एक भोक होतं. त्या दोन वर्षांतला तुमचा चेहरा मला आठवत नाही, ते भोक आठवतं.

घर माझ्या पगारावर चालत होतं आणि मी काय काम करतो ते तुम्हाला कधी पटलं नाही. कॅसेट कंपनीत डिस्पॅचला लागलो होतो. तिथून साहेबांनी वर घेतलं आणि म्युझिक एक्झिक्युटिव्ह असं छापलेलं कार्ड दिलं. ते मी तुमच्या उशाशी ठेवलं. तुम्ही ते उलटून मागे काही लिहिलंय का बघितलंत आणि विचारलंत, म्हणजे तू गातोस? नाही. वाजवतोस? नाही. चाल लावतोस? नाही. मग? मी म्हटलं, संगीतकार चाली ऐकवतात, त्यातली कुठली चालेल ते मी कंपनीला सांगतो, मग कंपनी त्या सिनेमाची गाणी घेते. ऐकण्याचं काम आहे.

“आयकूचे पैशे गावतत तुका?” तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा भिंतीकडे वळलात.

पण ऐकणारा कान माझा नव्हताच, हे तुम्हाला माहीत होतं आणि साहेबांना नव्हतं. मी रफ कॅसेट घरी आणायचो. रफ म्हणजे बैठकीतच टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली, पेटी, तबला आणि संगीतकाराचा बसका आवाज, शब्दांच्या जागी काहीबाही डमी शब्द. आई स्टोव्हपाशी असायची तेव्हा मी ती लावून ठेवायचो आणि पेपर तोंडापुढे धरून वाट बघायचो. भाकरी थापताना तिनं ती चाल आपसूक गुणगुणली की माल विकला जाणार. नाही गुणगुणली तर संगीतकार कितीही मोठा असो, मी साहेबांना म्हणायचो, जरा थांबूया. सगळे म्हणायचे या पोराचा कान झकास आहे. आईला शेवटपर्यंत कळलं नाही की अर्ध्या मुंबईचं काय होणार ते ती तव्यावर ठरवत होती.

तुम्हाला कळलं होतं. एकदा, तिनं काहीच गुणगुणलं नाही आणि मी उसासा टाकून कॅसेट काढली, तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला, “तुका आयकूक येणा नाय रे, इकूक येता.” बोचलं. ऐकता येत नाही, विकता येतं, हे अजून बोचतं, कारण खरं होतं.

मग ती बैठक. संगीतकाराचं घर अंधेरीत, वर्सोव्याच्या बाजूला. निर्माता मुलुंडचा बिल्डर, पहिलाच सिनेमा, सोबत मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र. दुपारभर चाली चालल्या होत्या. बिल्डरला प्रत्येक चाल ऐकून दुसरंच कुठलं तरी गाणं आठवायचं आणि तो म्हणायचा, तसं करा. संगीतकार वयानं तुमच्याच जवळपासचा, पडता काळ आलेला, घरातला एसी बंद. चहा आला. सगळे बिस्किटांकडे वळले आणि तो नुसताच पेटीवर बोटं फिरवत बसला, थकलेला माणूस मान चोळतो ना, तसा. त्यातून ही चाल निघाली. मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, ही. तो दचकला. म्हणाला, ये तो ऐसे ही. मी म्हटलं, हीच. टेपरेकॉर्डर चालूच होता.

ती माझी चाल होती बाबा. लावलेली नाही, ऐकलेली. इतके दिवस आईच्या गळ्यावर जगलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतः ऐकलेली. मी ती घरी आणली तेव्हा पेपर तोंडापुढे धरला नाही, मला परीक्षा नको होती. नुसती लावली.

आई गुणगुणली की नाही ते मी पाहिलंच नाही, कारण तुम्ही कूस बदललीत.

पहिल्यांदा नुसता खांदा वळला. मग तुम्ही उठून बसलात. दोन वर्षांनी मी तुमचे डोळे पाहतोय, आणि ते माझ्याकडे नाहीत, टेपरेकॉर्डरकडे आहेत. तुम्ही म्हणता, “परत लाव.” मी लावतो. दुसऱ्यांदा संपते तेव्हा तुम्ही उभे राहून कपाटावरून पेटी खाली घेताय, तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसताय, भाता उघडताय. आत झुरळं झालेली. आई हातातलं पीठ तसंच ठेवून बघत राहिली. तुम्ही मुखडा वाजवलात, अंतरा वाजवलात, तिसऱ्यांदा कॅसेट लावावीच लागली नाही. आणि डमी शब्दांच्या जागी विठ्ठल येऊन बसला.

ते गाणं अजून रेकॉर्ड व्हायचं होतं. बाहेर गेलं असतं तर पहिला हात माझ्या मानेवर पडणार. मी आईला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना सांग, हे बाहेर म्हणायचं नाही, माझी वाट लागेल. माझी आई तुमच्यापुढे आवाज न चढवणारी, पण माझ्यापुढे तिला भीती नव्हती. “म्हणांदे रे त्यांका,” ती म्हणाली. “उठान बसलेत, तां बघ.” मी बघितलं. त्यानंतर मी तुम्हाला कसं अडवणार होतो?

मंडळ पुन्हा जमलं. पखवाजी ड्यूटी बदलून यायचे, कुर्ल्याचे भाजी संपवून. खोलीत मावेना म्हणून गॅलरीत बसायचे. आणि तिथे मला कळलं की तुम्ही ती चाल बदलली आहे. एकच जागा. अंतऱ्याची पहिली ओळ वर जाते. संगीतकाराची दुसरी तिथून आणखी वर चढते आणि तिथेच थांबते, सिनेमाच्या गायिकेसाठी ते ठीक आहे. तुमची दुसरी ओळ वर जात नव्हती. ती वळून खाली यायची, आणि कोरस तिच्यासोबत खाली यायचा. मी म्हटलं, बाबा, ही अशी नाही, ती वर जाते. तुम्ही पेटीवरून मान वर न करता म्हणालात, “वर नेलंस तर खाली हाडूकय व्हया. माणसां दमलेली आसत.”

मी तेव्हा गॅलरीतल्या त्या माणसांकडे पाहिलं. वॉचमनच्या खाकी पँटमधले पखवाजी. भाजीच्या मातीनं भरलेली नखं. खरंच दमलेली होती. पण ती ओळ लक्षात ठेवायला हवी असं मला वाटलं नाही, कारण ती रोज ऐकू येत होती. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण लक्षात ठेवतो?

घाटकोपरच्या डबलबारीला, दोन बुवांच्या भजनी सामन्याला, मी आलो होतो, मागे उभा होतो. सत्यनारायणाची पूजा, जवळ हॉस्पिटल म्हणून बारी दुपारीच लावलेली. समोरचे बुवा तरुण, चालू सिनेमांच्या चालींवर गजर बांधण्यात हुशार, लोक त्यांच्यासाठी आलेले. तुमच्याकडे बघून कोणी तरी म्हणालं की यांची गिरणी कधीच बंद झाली. तुम्ही ऐकलंत की नाही माहीत नाही. समोरच्या बुवांनी गाजलेल्या गाण्यावर गजर घेतला, मांडव डोलला. मग तुमची पाळी आली, आणि तुम्ही जी चाल कोणी कधीच ऐकली नव्हती ती लावलीत. पहिल्या मुखड्याला शांतता. अंतऱ्याला लोक पुढे सरकले. दुसरी ओळ खाली आली तेव्हा मांडवातली माणसं कोरसासोबत नकळत म्हणायला लागली, ऐकता ऐकता, न शिकवता. समोरचे बुवा उठून आले आणि तुमच्या पाया पडले. मला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. मला ठाऊक होतं की ही चाल आता मांडवाबाहेर चालत जाणार.

तशी ती गेलीच. भांडुप, विक्रोळी, कांजूरमार्ग, प्रत्येक मंडळ ती म्हणायला लागलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, जोगेश्वरीच्या बुवांची चाल. तुम्ही कधी, होय, माझी, असं म्हणाला नाहीत. माझी नाही, असंही म्हणाला नाहीत. आणि इकडे गाणं रेकॉर्ड झालं, मोठ्या गायिकेच्या आवाजात, मोठ्या वाद्यवृंदावर. कॅसेटची कव्हरं छापून साकीनाक्याच्या कारखान्यात येऊन पडली. मी रोज मनातल्या मनात म्हणायचो, चार दिवस अजून, एकदा बाजारात आली की मग सगळे म्हणतील भजनवाल्यांनी सिनेमाची चाल उचलली, नेहमीसारखी, आणि कोणाला काही वाटणार नाही.

बिल्डरच्या स्वतःच्या इमारतीत, मुलुंडला, सत्यनारायण होता. तो प्रसादाचे द्रोण वाटत होता आणि त्याच्या समोर बसून एक भजनी मंडळ त्याच्याच सिनेमाचं गाणं विठ्ठलाच्या नावानं म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला तेव्हा त्याचा आवाज खालच्या पानवाल्यापर्यंत जात होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. एक तर संगीतकारानं भजनवाल्यांची जुनी चाल चोरून त्याला विकली, नाही तर कंपनीतल्या कोणी तरी गाणं बाहेर फोडलं. दोघांपैकी एक चोर आहे, तो त्याला हवा होता. साहेबांनी मला विचारलं, हे जोगेश्वरीचे बुवा कोण, शोधून आण. मी म्हटलं, शोधावं लागणार नाही. माझे वडील आहेत.

साहेबांनी केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, त्यांना घेऊन ये, आणि काय ते खरं त्यांच्या तोंडून होऊन जाऊ दे.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घराचं भाडं, आईचं दम्याचं औषध, तुमचं आत्ताच परत आलेलं तोंड, सगळं माझ्या एका पगाराला लटकलेलं, आणि दुसरीकडे ते गाणं. तुम्हाला वाटेल मला फक्त नोकरीची काळजी होती. नव्हती. आयुष्यात एकदा काही तरी खरं ऐकलं होतं, ते मरू नये असंही वाटत होतं. दोन्ही वाचणार नाहीत हे दिसत होतं आणि कुठलं वाचावं हे मी देवाला सांगू शकत नव्हतो.

अंधेरीच्या बसस्टॉपवर उतरलो तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. नवं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी. रस्त्यावर टेम्पोंचा आवाज इतका की तुम्ही माझ्या कानाशी आलात.

“खरां सांगलंय तर तुझी नोकरी?”

“जाईल.”

“आणि गाणां?”

“राहील, बाबा. मोठं होईल.”

तुम्ही मान हलवलीत. मग टोपी काढून काखेत धरलीत, गळ्यातली तुळशीची माळ डोक्यावरून काढलीत, डोळ्यांना लावलीत, आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकलीत. मला वाटलं ऑफिसात जायचं म्हणून काढली, साहेबलोकांपुढे बरं दिसत नसेल. मी इतका मूर्ख होतो. मी वर खिशाचं बटणसुद्धा लावलं, पडू नये म्हणून.

केबिनमध्ये साहेब, बिल्डर, संगीतकार. तुम्हाला खुर्ची दिली, तुम्ही टोकाला बसलात. साहेबांनी आदरानं विचारलं, बुवा, ही चाल तुमच्याकडे कुठून आली? तुम्ही घसा साफ केलात, आणि घरात कधी बोलत नाही त्या शुद्ध मराठीत म्हणालात, “ही चाल आमच्या गावची आहे. माझे वडील देवळात म्हणायचे. मुलानं मला काही दिलेलं नाही.”

माझा हात आपोआप खिशावर गेला. तेव्हा कळलं.

माळ गळ्यात असताना तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. संपात युनियनच्या लोकांनी विचारलं होतं की शेजारचा छुपेपणानं कामावर जातो का, तेव्हाही नाही, तुम्ही गप्प राहिलात पण खोटं बोलला नाहीत. आणि आता तुम्ही सरळ बसून, डोळ्याला डोळा देऊन, स्वतःच्या बापाच्या नावानं खोटं सांगत होता, आणि ते इतकं नीट सांगत होता की क्षणभर मलाही आजोबा देवळात दिसले.

बिल्डर संगीतकाराकडे वळला. तो भांडेल असं मला वाटलं, भांडावं असंही वाटलं. पण त्याचा चेहरा उतरला. उमेदवारीच्या काळात तो परळला राहिला होता, चाळीत, खिडकीतून भजनं यायची. तो म्हणाला, हो सकता है. आपलीच चाल आपल्याला कुठून सुचली हे त्या बिचाऱ्याला छातीवर हात ठेवून सांगता येईना. मग त्यानं तुम्हाला विनंती केली, अंतरा म्हणून दाखवा. तुम्ही म्हटलात, पेटीशिवाय, टेबलावर बोटांनी ठेका धरून. पहिली ओळ वर गेली, दुसरी खाली आली. त्यानं डोळे मिटले होते.

निघताना तो लिफ्टपर्यंत आला. साहेब आत, बिल्डर आत, आपण तिघंच. तो तुमच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, “दूसरी लाइन मेरी नहीं है. बाकी भगवान जाने.” त्याला सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं, मी आजवर ठरवू शकलो नाही. तुम्ही त्याला हात जोडलेत, खूप खाली वाकून.

गाणं गेलं. त्याच कथेवर, त्याच शब्दांवर दुसरी चाल बसवून घाईत रेकॉर्ड केली, आणि पहिल्या स्पूलवर कंपनीनं दुसरंच काही भरलं, तेव्हा टेप अशा वाया घालवत नसत. माझी रफ कॅसेट साहेबांनी मागून घेतली. नवं गाणं कोणाला आठवत नाही. सिनेमा तर नाहीच नाही. त्या संगीतकाराला पुन्हा काम मिळाल्याचं मी ऐकलं नाही. माझी नोकरी राहिली, पुढे बढती मिळाली, आपण खोली सोडून बोरिवलीला ब्लॉक घेतला, आईला स्वतंत्र स्वयंपाकघर मिळालं. हे सगळं तुमच्या एका वाक्यावर उभं राहिलं.

घरी येताना बसमध्ये मी माळ काढून तुमच्यापुढे धरली. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, “रवांदे तुझ्याकडेच.” मला वाटलं राग आहे, दोन दिवसांत घालाल. तुम्ही घातली नाहीत. आणि गळ्यात माळ नसताना बुवाच्या जागी बसायचं नाही, हा तुमचाच नियम होता. मंडळ आलं, पखवाजी आले, समोरचे तरुण बुवासुद्धा येऊन विनवून गेले. तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात आणि बरं नाही म्हणालात. आईनं एकदा भीतभीत विचारलं की आता माळ नाहीच, तर बांगड्याची कढी वाढू का. तुम्ही ताट जरासं सरकवलंत आणि डाळभात मागितलात. ते बघून मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मासे सोडलेले ते सोडलेलेच, पण विठ्ठलाला तोंड दाखवायचं नाही. ही शिक्षा तुम्ही कुठल्या कायद्यात वाचली होती बाबा? मला कापून ठेवलं असतंत तरी चाललं असतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं की नोकरी गेली तर गेली, खरं बोला. त्या बसस्टॉपवर माझं तोंड उघडलं नाही, कारण मला नोकरी हवी होती आणि गाणंही हवं होतं, आणि तुम्ही त्यातलं एक माझ्यासाठी निवडलंत आणि बदल्यात स्वतःचं सगळंच ठेवून आलात.

तुम्ही पुन्हा भिंतीकडे वळलात असं मात्र नाही झालं. खिडकीशी बसायचात. कधी कधी बोटं मांडीवर चालायची, तेव्हा मी ओळखायचो की कुठली चाल आहे. विचारायची हिंमत झाली नाही. एवढ्यासाठी मला स्वतःचा इतका राग येतो की विचारू नका. तुम्ही समोर बसला होता. नुसतं म्हणायला हवं होतं, बाबा, अंतरा म्हणा.

मंडळांनीही ती चाल टाकली, दुसऱ्या हंगामात नवे सिनेमे आले, नवे गजर आले. संगीतकाराची वर जाणारी ओळ मला आठवते. ती मी बैठकीत ऐकली, घरी ऐकली, रेकॉर्डिंगला गायिकेच्या तोंडून ऐकली, ती डोक्यात खिळ्यासारखी बसली आहे. तुमची आठवायला गेलं की तीच पुढे येते आणि दार अडवते. आता उजव्या कानानं ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणतात डावाही तसाच जाईल. आयुष्यभर कानावर पोट भरलं, आणि जे एक ऐकून ठेवायचं होतं ते ठेवलं नाही.

पखवाज्यांची नात तेराव्याला भेटली. बँकेत आहे, आणि तुम्हाला नवल वाटेल, जोगेश्वरीच्या आपल्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या बायकांच्या मंडळाची ती बुवा आहे. आजोबा सारखं तुमच्या गजराचं सांगायचे म्हणाली, पण त्यांना बोल आठवायचे, चाल नाही. मला द्याल का? मी नाही म्हणायला हवं होतं. मी जोगेश्वरीला गेलो. आज संध्याकाळी. पेटी तीच, तुमची. माळ शर्टाच्या खिशात, कुठेही महत्त्वाचं जायचं असलं की मी ती खिशात ठेवतो. मुखडा दिला, तिनं उचलला, चांगला गळा आहे. पहिली ओळ दिली. ती वर गेली आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या.

आणि मी काही तरी म्हटलं. वर नाही नेलं, एवढं खरं. खाली आणलं, चाचपडत, मुळात कुठून कुठे येत होती ते माहीत नसताना, आईला भाकरी थापताना मनात आणून. बायकांनी उचललं. कोरसात मिसळलं तेव्हा बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, आणि त्यातली एक वयस्क बाई, दिवसभर कुठे तरी राबून आलेली, डोळे मिटून म्हणत होती.

मुलीनं विचारलं, “काका, हीच ना बुवांची ओळ?”

मी घरी आल्यापासून हा कागद लिहितोय, रात्रीचं जेवण तसंच झाकून आहे. तो पेटीच्या खोक्यात ठेवीन, दुसरीकडे कुठे जायचा आहे? ओळ आठवली तर मला कसं कळवणार तुम्ही, तेही कळत नाही, तरी विचारून ठेवलं. एवढंच सांगायचं राहिलंय. मी त्या मुलीला हो म्हटलं. लगेच म्हटलं, घसाही साफ करावा लागला नाही. माळ खिशातच होती, मला काढावी लागली नाही.